कट् वाजलं, पुढे काय? कोकण किनाऱ्यावरच्या कायरोप्रॅक्टिक सेवेचा खेळाडूंसाठी आढावा

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ शोधायची, पाय मुरगळला की हाडवैद्याकडून पट्टा बांधून घ्यायचा, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. त्या रांगेत आता कायरोप्रॅक्टिकही, म्हणजे मणके-सांधे हाताने दाबून, झटका देऊन मोकळे करण्याचा उपचारही, येऊन बसलाय. मोबाइलवर कडाकड वाजणाऱ्या माना बघून कबड्डीचे संघ, टेनिस बॉल क्रिकेटची मंडळं आणि किनाऱ्यावर पळणारे हौशी धावपटू ‘मणका बसवून’ घ्यायला निघालेत. आमचं मत आधीच सांगून टाकतो. कंबर किंवा पाठ जखडली असेल आणि तपासणी नीट होत असेल, तर ही सेवा घेण्यासारखी आहे. मुरगळून जुना झालेल्या घोट्यासाठी ती चांगली आहे, पण नीट करणारे हात कमी. आणि ‘दुखापत होऊच नये म्हणून महिन्याला एकदा’ हा जो प्रकार विकला जातो, त्यात पैसे घालू नयेत.

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत ही सेवा साधारण तीन रूपांत भेटते. मुंबई-पुण्याहून ठरावीक दिवशी येऊन एखाद्या दवाखान्यात किंवा हॉटेलच्या हॉलमध्ये टेबल मांडणारे पदवीधर. मग स्थानिक फिजिओथेरपिस्ट, ज्यांनी मणक्याच्या हाताळणीचं वेगळं शिक्षण घेतलंय आणि पाटीवर ‘कायरो’ जोडलंय. तिसरे शनिवार-रविवारचा कोर्स करून थेट लोकांच्या मानेला हात घालणारे. पाटी तिघांचीही सारखीच दिसते, त्यामुळे विचारावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तास आणि त्यातले किमान १,००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर, अशी अपेक्षा आहे. भारतात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, म्हणून पदवी कुठली आणि किती वर्षांची हे तोंडावर विचारायला लाजू नका. फिजिओथेरपिस्ट असेल तर राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. ज्याच्याकडे आहे तो आनंदाने दाखवतो. नुसतं नावामागे ‘डॉ.’ असण्याने यातलं काहीच कळत नाही.

ही विद्या १८९५ साली अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी सुरू केली. मणके जागचे हलले की मज्जातंतूंवर परिणाम होतो आणि त्यातून बहुतेक रोग उद्भवतात, अशी त्यांची धारणा होती. ती पुढच्या विज्ञानाने काही उचलून धरली नाही. आज चांगले कायरोप्रॅक्टर स्वतःला सांधे-स्नायूंपुरते मर्यादित ठेवतात. मणका बसवून दमा, साखर किंवा पाळीच्या तक्रारी बऱ्या करतो असं कोणी म्हणालं, तर चपला घालायच्या आणि निघायचं.

पहिल्या भेटीत बघायचं ते टेबल नव्हे, तपासणी. कंबर धरलेला चढाईपटू आत आला तर आधी प्रश्न व्हायला हवेत: दुखणं अचानक आलं की हळूहळू, रात्री झोपेतून उठवतं का, पायात उतरतं का, खोकताना-शिंकताना कळ जाते का, ताप आहे का, वजन कमी झालंय का, लघवी-शौचावर ताबा आहे का. मग उभं करून पुढे-मागे-बाजूला वाकवणं. मग उताणं झोपवून सरळ पाय उचलून बघणं. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान नेहमीची कळ पायात गुडघ्याच्या खाली उतरली तर नस चिडलेली असण्याची शक्यता. पायाचा अंगठा वर उचलायला लावून त्यावर बोटाने दाब देणं, एका पायावर टाचा उचलायला लावणं, गुडघ्याला आणि टाचेच्या मागे हातोडी मारून प्रतिक्षेप बघणं, दोन्ही पायांची संवेदना ताडून बघणं. एवढ्याला वीसेक मिनिटं जातात. हॉलबाहेर चाळीस जणांची रांग लावून प्रत्येकाला पाच मिनिटांत उरकणाऱ्या शिबिरात हे होणं शक्यच नाही, आणि आमची या सेवेबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे.

दोन पाय शेजारी धरून ‘बघा, एक पाय आखूड आहे’ म्हणणं, हा तपासणीचा देखावा. झोपण्याच्या ढबेने, बुटाच्या टाचेने, धरणाऱ्याच्या हातानेही तेवढा फरक पडतो. झटक्यानंतर ते पाय सारखे ‘करून दाखवतात’, त्याला भुलू नये. तसंच, काही कारण नसताना अख्ख्या पाठीचा एक्स-रे काढायला लावत असतील तर का, ते विचारा. आणि कोणी एमआरआयचा रिपोर्ट फडकवून ‘गादी सरकली’ म्हणून घाबरवत असेल तर एक आकडा लक्षात ठेवा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कसलंही दुखणं नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसली होती. फोटोत दिसतंय म्हणजे दुखणं तिथलंच, असं नसतं.

आता प्रत्यक्ष झटका. कंबरेसाठी कुशीवर झोपवतात. खालचा पाय सरळ, वरचा गुडघ्यात दुमडून पाऊल खालच्या गुडघ्यामागे. वरचा खांदा मागे, कमर पुढे, अशी पिळवणूक करत ढिलाई संपेपर्यंत आणतात. इथे जाणता माणूस थांबतो. पाच-दहा सेकंद त्याच स्थितीत धरून विचारतो, पायात काही उतरतंय का? उतरत असेल तर झटका द्यायचा नाही. नसेल तर श्वास सोडायला सांगून अगदी छोटा, पण झटदिशी दाब. वेग जास्त, अंतर थोडं, हे त्याचं मर्म. लांबून रेटा देणारा, छातीवर पूर्ण वजन टाकून लोटणारा माणूस अडाणी समजावा.

‘कट्’ आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या वंगणात दाब एकाएकी उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटांचे सांधे एमआरआयमध्ये वाजवून हे दिसलं. म्हणून तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात. शिवाय ज्या मणक्यावर नेम धरला तोच वाजतो असंही नाही, शेजारचाही वाजतो. आवाज आलाच नाही तरी उपयोग होऊ शकतो. सेशननंतर ‘तीन वाजले, दोन राहिले’ असा हिशेब देणाऱ्याचं ऐकून सोडून द्या.

मग होतं काय? स्नायूंचा आखडलेपणा सैलावतो, दुखणं उतरतं, वाकणं मोकळं होतं. आणि हे काही तासांपासून काही दिवसांपर्यंत टिकतं. मणक्याच्या हाताळणीवरचे अभ्यास एकत्र करून २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आढावा आला. जुनाट कंबरदुखीत तिचा फायदा व्यायामासारख्या इतर शिफारशीतल्या उपायांइतकाच, जास्त नाही, असा त्याचा निष्कर्ष. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली कंबरदुखीच्या पहिल्या उपायांत तिला जागा दिली आहे, तर ‘नाइस’ने, म्हणजे उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या संस्थेने, २०१६ साली अट घातली: एकटी नको, व्यायामाच्या जोडीनेच. खेळाडूने यातून घ्यायचं ते इतकंच की झटक्यानंतर मिळालेली मोकळीक ही काम करायची वेळ आहे. त्या दिवशी सोसेल इतपत चालणं, दुसऱ्या दिवसापासून पोटाच्या-नितंबाच्या बळाचे व्यायाम. ज्या ठिकाणी टेबलावरून उतरताना हातात व्यायामाचा कागद मिळत नाही, तिथली निम्मी फी वाया समजा.

आमच्या मते कोकणातल्या खेळाडूला या सेवेचा सर्वांत खरा उपयोग कंबरेपेक्षा घोट्यात आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मातीच्या मैदानावर घोटा पकड बसली, पाय आत वळला, सूज उतरली, दुखणं थांबलं, आणि पुढच्या मोसमात तोच घोटा पुन्हा गेला. याचं एक कारण मुरगळ बरी झाल्यावरही पाऊल वर वाकण्याची मोकळीक परत येत नाही, हे असतं. घरी मोजता येतं. भिंतीकडे तोंड करून पाऊल सरळ ठेवा, टाच जमिनीला चिकटून. गुडघा भिंतीला टेकेल अशा बेताने पाऊल मागे मागे न्या. टाच न उचलता गुडघा जिथे शेवटचा टेकतो, तिथे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. बहुतेक धडधाकट घोट्यांत ते १० सेंटीमीटरच्या आसपास येतं. दोन पायांत दोन सेंटीमीटरच्या आसपास फरक असेल तर तो घोटा अजून तयार नाही.

चांगला कायरोप्रॅक्टर किंवा फिजिओ इथे घोट्याच्या सांध्यातल्या हाडाला, टॅलसला, मागच्या दिशेने सरकवतो. हाताने किंवा नडगीभोवती पट्टा अडकवून तुम्हालाच पुढे झुकायला लावून. झटका नव्हे, लयीत दाब. त्याच बैठकीत भिंतीची मोजणी पुन्हा करून घ्या. अंतर वाढलं तर इलाज लागू पडतोय. वाढलं नाही तर दोन बैठकींनंतर तो सोडून दुसरं कारण शोधा. मोकळीक आली की लगेच एका पायावर तोल साधण्याचा सराव, आधी डोळे उघडे, मग मिटून, मग कोणी चेंडू टाकत असताना, रोज पाच-सात मिनिटं. बाजारातली रंगीत चिकटपट्टी लावून मिळते ती लावा हवी तर, पण घोट्याला खरा आधार दोरीचा ब्रेस किंवा पांढरा न ताणला जाणारा टेप देतो.

पाय नुकताच मुरगळला असेल तर मात्र टेबलावर झोपायच्या आधी मोडलंय का हे बघा. ओटावा नियम म्हणून जगभर वापरतात ते सोपे आहेत. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत, हाडावर दाबून दुखतंय का? करंगळीकडच्या पायाच्या हाडाच्या मुळाशी, किंवा पावलाच्या आतल्या बाजूच्या नाविक हाडावर दुखतंय का? मार लागल्यावर आणि तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत का? यातलं एकही ‘हो’ असेल तर एक्स-रे. तो न काढता ‘सांधा बसवतो’ म्हणून ओढणाऱ्याच्या हाती पाय देऊ नये, मग तो हाडवैद्य असो नाहीतर कायरो.

वेगवान गोलंदाजांच्या पालकांनी इथे थांबून वाचावं. चौदा ते वीस वयाचा, उजव्या हाताने जोरात टाकणारा मुलगा, कंबरेच्या डाव्या बाजूला दुखतं, मागे वाकलं की वाढतं, विश्रांतीने उतरतं, गोलंदाजी सुरू केली की परत. ही उसण नव्हे. कंबरेच्या खालच्या मणक्याच्या मागच्या कमानीला, पार्सला, वारंवारच्या ताणाने चीर पडत असते, बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला. जांभ्याच्या कातळावरच्या कडक खेळपट्टीवर पुढचा पाय दणकन आपटत एका दिवसात तीन-तीन सामने खेळले की हाडाला भरून यायला वेळच मिळत नाही. साध्या एक्स-रेत सुरुवातीची चीर बरेचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. यावर पिळवणुकीचा झटका देणं म्हणजे भेगाळलेल्या जागी घण घालणं. उपचार म्हणजे गोलंदाजी बंद. काही आठवडे नव्हे, काही महिने. ज्या कायरोप्रॅक्टरने हे ऐकताच टेबलाऐवजी अस्थिरोगतज्ज्ञाकडे बोट दाखवलं, त्याला पूर्ण गुण.

मानेबद्दल आम्ही जास्त कडक आहोत. मानेच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला आतून फाट पडल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. प्रमाण फार कमी, पण झालं तर पक्षाघात. चक्कर, दुहेरी दिसणं, बोलण्यात किंवा गिळण्यात अडथळा, चेहरा बधिर होणं, कधी नव्हे अशी जबर मान-डोकेदुखी, यातलं काही असेल तर मानेला कोणी हात लावायचा नाही, थेट रुग्णालय. व्हिडिओंतला तो वाय आकाराचा पट्टा हनुवटीखाली अडकवून डोकं खेचण्याचा प्रकार तर मुळीच करून घेऊ नये. किती जोर लागतोय यावर तिथे कसलाही ताबा नसतो. पकडीत मान दाबली गेलेल्या खेळाडूला आधी मोड नाही ना, हातात मुंग्या नाहीत ना हे बघायचं. आणि डोकं आपटून गरगरत असेल तर त्या दिवशी खेळही बंद आणि टेबलही. जखडलेल्या मानेसाठी पाठीच्या वरच्या भागाची हाताळणी, मानेला हळुवार हालचाली आणि व्यायाम, एवढ्यावर बरंचसं भागतं. चांगले लोक स्वतःहून तेच सुचवतात.

आता ‘प्रतिबंध’. हा शब्द प्रत्येक पत्रकावर असतो. खेळाडूंवर या दिशेने झालेला एक बरा अभ्यास ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटूंवरचा, २०१० साली प्रसिद्ध झालेला. खेळाडू एकूण ५९. पायाच्या स्नायूंचे ताण कमी झालेले दिसले, पण मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतींतला फायदा थोडक्यासाठी निर्णायक ठरला नाही. आणि त्यांना मिळत होती ती नुसती मणक्याची हाताळणी नव्हे, मऊ ऊतींवरचं कामही त्यात होतं. याच्या जोरावर बारा महिन्यांचं पॅकेज विकणं म्हणजे फारच झालं.

त्याच्यापुढे बिनपैशाचे उपाय ठेवून बघा. खो-खोपटूच्या आणि चढाईपटूच्या मांडीसाठी नॉर्डिक व्यायाम: गुडघे टेकून बसायचं, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, कंबर सरळ ठेवून शक्य तितकं सावकाश पुढे झुकायचं, शेवटी हात टेकून परत यायचं. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाचाचे दोन फेरे. दुसऱ्यात दोन दिवस, सहाचे दोन. तिसऱ्यात तीन दिवस, सहा ते आठचे तीन फेरे. चौथ्यात आठ ते दहाचे तीन. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत तीन फेरे, बारा, दहा आणि आठचे. हा व्यायाम असलेल्या कार्यक्रमांनी मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, असं एकत्रित अभ्यासांत दिसलंय. यात लोक चुकतात ते घाईत. पहिल्याच दिवशी तीस काढायचे, दोन दिवस जिना उतरता येत नाही, आणि मग व्यायामच वाईट ठरतो. सामन्याच्या आदल्या दिवशीही करू नये. फिफाने फुटबॉलसाठी बसवलेला ‘इलेव्हन प्लस’ हा वीस मिनिटांचा सराव थोड्या फेरफाराने कबड्डीलाही चालतो: आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं बळ-उडी-तोल, दोन मिनिटं वेगाने धाव आणि वळण. आठवड्यातून किमान दोनदा.

किनाऱ्यावर पळणाऱ्यांना टेबलापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक जास्त उपयोगी. भरतीच्या वेळी उरते ती वरची उतरती, भुसभुशीत वाळू. तिच्यावर एकाच दिशेने पळत राहिलं की समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो, आणि दुखणं नितंब-गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला निघतं. ओहोटीला, ओल्या सपाट पट्ट्यावर, जितकं जाताना तितकंच परत येताना पळावं. अनवाणी पळायचं असेल तर आधी दहा मिनिटांपासून, नाहीतर पोटऱ्या आणि टाचेची शीर धरते. अशा कमरेच्या ‘वाकडेपणा’साठी झटके घेणारे धावपटू चुकीच्या जागी पैसे भरतात.

झटक्यानंतर साधारण निम्म्या लोकांना दिवसभर, फार तर दोन दिवस अंग ठणकतं, थोडं थकल्यासारखं होतं. ते ठीक. पायात नवी मुंगी आली, पाऊल उचलेनासं झालं, किंवा जांघेत-बैठकीच्या जागी बधिरपणा आणि लघवी अडली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जायचं, सकाळची वाट बघायची नाही. यामुळेच आमचा आग्रह आहे की डेरवण यूथ गेम्ससारखी स्पर्धा किंवा गावातली रात्रीची कबड्डी तोंडावर असताना आयुष्यातला पहिला झटका घेऊ नये. किमान आठवडा मध्ये असू द्या. आणखी एक अगदी इथलीच गोष्ट: राजापूरहून रत्नागिरीला येऊन कंबर मोकळी करून घ्यायची आणि लगेच दोन तास खड्ड्यांतून दुचाकीवर परतायचं, यात मिळालेलं निम्मं वाटेतच सांडतं. बसने किंवा गाडीने या, पाऊण तासाने उतरून पाच मिनिटं चाला.

पैशांचं. एका बैठकीची फी आधी विचारा, आणि तपासणी त्यात धरली आहे की वेगळी तेही. चोवीस बैठकींचं आगाऊ पॅकेज घेऊ नका, ‘आजच भरलं तर सवलत’ असेल तर नक्कीच नको. चार ते सहा बैठकींत ठरवलेल्या मोजमापात, मग ते भिंतीचं अंतर असो, सरळ पाय उचलण्याचा कोन असो की दुखण्याचा दहापैकी आकडा, फरक दिसला नाही तर तोच उपाय चालू ठेवण्याचं कारण उरत नाही. खांदा निखळला, गुडघ्यात ‘कट्’ होऊन दोन तासांत फुगला, किंवा गुडघा अडकून सरळच होत नाही, ही कामं या टेबलाची नव्हेत. ती अस्थिरोगतज्ज्ञाची.

सुरुवातीला सांगितलेल्या तिघांपैकी कोणाकडे जावं? किनाऱ्यावर राहणाऱ्या, मोसमभर खेळणाऱ्या माणसाने हाताळणी शिकलेला जवळचा नोंदणीकृत फिजिओ धरावा, कारण व्यायाम बघायला तो पुढच्या आठवड्यातही तिथेच असतो. बाहेरून येणारा पदवीधर कायरोप्रॅक्टर वर्षानुवर्षं जखडलेल्या पाठीसाठी एक-दोनदा घ्यावा, आणि त्याने काय केलं हे कागदावर लिहून घेऊन आपल्या फिजिओच्या हातात द्यावं. लिहून द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जायचं नाही. शिबिरातला पाच मिनिटांचा फुकट झटकाही नको, तिथे तपासणीच झालेली नसते.